टोमॅटो लावण्याआधी माती कशी तयार करायची

पहिल्यांदा टोमॅटो लावले तेव्हा मी प्रत्येक रोपासाठी वीतभर रुंद आणि हातभर खोल खड्डा खणला, त्यात घमेलंभर खत ओतलं आणि रोप लावलं. जमीन चिकण होती, पण खड्डा चांगला भरला आहे म्हणून काळजी वाटली नाही. महिनाभर रोपं जोमात वाढली. मग दोन-तीन दिवस सलग पाऊस झाला. खालची पानं पिवळी पडायला लागली, दुपारी शेंडे माना टाकू लागले. तहान लागली असेल असं समजून मी आणखी पाणी घातलं. शेवटी एक रोप उपटून पाहिलं, तर हातात मुळांचं गाठोडंच आलं, हुबेहूब खड्ड्याच्या आकाराचं. मुळं कडेपर्यंत गेली होती आणि तिथून आतल्या आत गोल फिरली होती. खड्ड्याच्या भिंती फावड्याने घासून गुळगुळीत, चकचकीत झाल्या होत्या. तळाशी काळं पाणी साचलं होतं आणि त्याला कुजका वास येत होता.

चिकण जमिनीतला खड्डा म्हणजे हौदच असतो. भोवतीची घट्ट माती पाणी मुरू देत नाही, मधली भुसभुशीत माती ते ओढून घेते आणि मुळं त्यात बुडून राहतात. म्हणून नव्याने लावणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो: खत खड्ड्यात भरू नका, अख्ख्या वाफ्यात मिसळा. आणि खताच्याही आधी मातीत हवा आणि पाणी कसं खेळतं ते बघा. टोमॅटोची बहुतेक मुळं वरच्या ३० सेंटीमीटर मातीत असतात, मोकळी माती मिळाली तर ती ६० सेंटीमीटरच्याही खाली जातात आणि आडवीही लांबवर पसरतात. या मुळांना श्वास घ्यावा लागतो. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळीच असते, काही हवेने आणि काही पाण्याने भरलेली. ती पोकळी तयार करणं आणि टिकवणं हे आपलं काम.

जागा आणि तिचा इतिहास

दिवसातून निदान ६ ते ८ तास थेट ऊन येईल अशी जागा घ्या. सावलीतला टोमॅटो कितीही चांगल्या मातीत लावला तरी पानांवरच राहतो.

त्या जागेत आधी काय होतं, हे आठवा किंवा विचारा. टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची ही एकाच कुळातली पिकं. त्यांचे मर रोग आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी मातीत मागे राहतात. या कुळातलं पीक त्याच वाफ्यात पुन्हा घेण्याआधी ३ ते ४ वर्षांचं अंतर ठेवावं. मधल्या काळात शेंगवर्गीय पिकं, कांदा, लसूण, मका यांपैकी काहीही चालेल. जागा एवढीशीच असेल आणि फेरपालट जमत नसेल, तर रोगप्रतिकारक जातीची रोपं निवडा. आधीच्या वर्षी रोपं हिरवीगार असतानाच अचानक मरून पडली असतील, तर मात्र तिथे पुन्हा टोमॅटो लावू नका. मोठ्या कुंड्या घ्या.

माती हातात घेऊन ओळखा

मूठभर माती घ्या, खडे काढा, थोडं पाणी घालून कणकेसारखी मळा. मग अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये दाबत दाबत तिची पट्टी पुढे सरकवा. पट्टी होतच नाही आणि हाताला खरखरीत लागतं, तर माती रेताड. अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर पोयट्याची, म्हणजे तुमचं निम्मं काम आधीच झालेलं आहे. पाच सेंटीमीटरपेक्षा लांब पट्टी न तुटता लोंबायला लागली तर चिकण.

आणखी नेमकं बघायचं असेल तर काचेच्या उभ्या बरणीत तिसऱ्या हिश्शाएवढी माती, वर पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून बरणी जोरात हलवा आणि एका जागी ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते. गाळाचे कण बसायला दोनेक तास घेतात. चिकणमाती दिवसभर, कधी त्याहूनही जास्त वेळ तरंगत राहते. थरांची जाडी पाहिली की मातीत कशाचं प्रमाण किती, ते डोळ्यांना दिसतं.

आता निचरा. ही परीक्षा कंटाळा न करता कराच. ३० सेंटीमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणा, पाण्याने भरा आणि रात्रभर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि मोजपट्टी उभी करून तासाला पाणी किती उतरतं ते मोजा. तासाला अडीच ते साडेसात सेंटीमीटर उतरलं तर उत्तम. अडीचपेक्षा कमी असेल तर जमिनीच्या पातळीवर टोमॅटो लावू नका, गादीवाफा करा. दहाच्या वर गेलं तर पाणी आणि त्याबरोबर नत्रही खाली वाहून जाणार, तिथे सेंद्रिय खत जास्त लागेल आणि पाणी थोडं थोडं, पण वरचेवर द्यावं लागेल.

शेवटची गोष्ट सामू, म्हणजे पीएच. टोमॅटोला ६.२ ते ६.८ च्या आसपासचा सामू मानवतो. घरगुती पट्ट्यांवरून अंदाज येतो, पण पहिल्या वर्षी प्रयोगशाळेतून माती परीक्षण करून घेणं केव्हाही चांगलं. वाफ्यातल्या आठ-दहा ठिकाणांहून वरचा काडीकचरा बाजूला सारून १५ ते २० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घ्या, प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो पाठवा. एकाच कोपऱ्यातली माती पाठवली तर अहवाल त्या कोपऱ्यापुरताच खरा. खत घातल्यावर लगेच नमुना घेऊ नका.

वाफसा बघूनच कुदळ हातात घ्या

माती खणायची वेळ चुकली तर बाकी सगळं बरोबर करूनही ती बिघडते. चिकण माती ओली असताना खणली की कण एकमेकांवर दाबले जातात, पोकळ्या मिटतात आणि वाळल्यावर विटेसारखी ढेकळं होतात. ती ढेकळं मोडायला पुढचा एखादा हंगामही कमी पडतो. माती पार कोरडी असताना खणली तर तिची धूळ होते आणि पहिल्या पाण्याला वर पापुद्रा धरतो.

या दोन्हींच्या मधल्या स्थितीला आपल्याकडे फार सुरेख शब्द आहे, वाफसा. तो ओळखायला दहा-पंधरा सेंटीमीटर खालची माती मुठीत घ्या आणि घट्ट दाबा. मूठ उघडली की गोळा झालेला दिसायला हवा. त्याला अंगठ्याने हलकेच टोचा. गोळा फुटून चुरा झाला, तर वाफसा आला. नुसताच दबला, अंगठ्याचा ठसा उमटला आणि ठशाला चकाकी आली, तर दोन दिवस थांबा. गोळाच झाला नाही तर हलकं पाणी देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. रेताड माती मात्र वाफशावर असतानाही नीट गोळा धरत नाही. तिथे हाताला ओलसर गारवा लागला तरी पुरे.

वाफसा आला की पहिल्या वर्षी २५ ते ३० सेंटीमीटर खोल माती सैल करा. वरची माती खाली आणि खालची वर, असं उलटंपालटं करू नका. वरच्या थरात जीव असतो, तो वरच राहू द्या. सुपारीएवढी ढेकळं राहिली तरी हरकत नाही. वाफ्याची रुंदी ९० ते १२० सेंटीमीटरच ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोहोचतो आणि आत पाय ठेवावा लागत नाही. एकदा सैल केलेल्या मातीवर पुन्हा कधीही पाय पडू देऊ नका.

सेंद्रिय खत किती आणि कोणतं

चिकण माती असो की रेताड, उपाय एकच आहे, चांगलं कुजलेलं सेंद्रिय खत. चिकण मातीत ते कणांचे छोटे छोटे दाणे बांधतं, त्यामुळे हवा खेळते. रेताड मातीत ते पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवतं. चिकण मातीत वाळू मिसळायचा सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नका. मातीचा पोत खरोखर बदलायचा तर निम्म्याहून जास्त वाळू लागेल. थोडी वाळू घातली तर चिकणमाती तिच्या फटी बुजवते आणि माती आधीपेक्षा टणक होते.

पहिल्या वर्षी वाफ्यावर ५ सेंटीमीटरचा थर पसरा आणि वरच्या १५ ते २० सेंटीमीटर मातीत मिसळा. एका चौरस मीटरला ५० लिटर, हा हिशेब लक्षात ठेवा. ३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद वाफ्याला १८० लिटर, म्हणजे १५ लिटरची १२ घमेली. पुढच्या वर्षापासून २ ते ३ सेंटीमीटरचा थर पुरतो. शेणखत किंवा कोंबडीखताचा भाग जास्त असेल तर पहिल्या वर्षीही थर निम्माच ठेवा, कारण त्यात क्षार आणि स्फुरद जास्त असतात आणि वर्षानुवर्षं घातले की साठत जातात. कोंबडीखत तर सगळ्यात तेज, ते कुजलेलं असलं तरी हात आखडूनच घाला.

खत कुजलेलं आहे म्हणजे काय? रंग गडद, हाताला भुसभुशीत, मूळ पदार्थ ओळखू येत नाही आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. शंका असेल तर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर नाकाला झोंबणारा किंवा आंबट वास आला तर ते अजून तयार नाही. कच्च्या खतातला अमोनिया मुळं जाळतो, तणांचं बी आणि हुमणीच्या अळ्या त्यातूनच वाफ्यात येतात, शिवाय माणसाला आजारी पाडणारे जंतूही असू शकतात. कच्चंच शेण हाताशी असेल तर ते फळं तोडायच्या निदान चार महिने आधी मातीत गेलेलं असावं. लाकडाचा भुसा किंवा न कुजलेलं पिकाचं काड मातीत मिसळू नका. ते कुजवणारे जंतू मातीतलाच नत्र वापरतात आणि रोपं पिवळी पडतात. हेच काड वरून आच्छादन म्हणून टाकलं तर मात्र फायद्याचं.

खत बाहेरून आणलं असेल तर आणखी एक परीक्षा मी कधीच चुकवत नाही. गवतावर मारलेली काही तणनाशकं जनावराच्या पोटातून शेणात आणि शेणातून खतात जशीच्या तशी येतात. खत कुजलं तरी ती टिकतात आणि टोमॅटोला ती फार लवकर बाधतात. दोन कुंड्या घ्या. एकीत साधी माती, दुसरीत माती आणि हे खत अर्धं-अर्धं. दोन्हींत घेवड्याच्या चार-चार बिया टाका आणि तीन आठवडे बघा. खताच्या कुंडीतली नवी पानं वाटीसारखी वळली, चिंबली, अरुंद झाली, तर ते खत वाफ्यात घालू नका. तीन आठवडे थांबणं जिवावर येतं, पण असं खत एकदा मातीत गेलं की परत काढता येत नाही.

सामू बदलायचा झाला तर

सामू ६ च्या खाली असेल तर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि स्फुरद रोपाला नीट मिळत नाहीत. साडेपाचच्या खाली गेला तर अॅल्युमिनियम आणि मँगेनीज विषासारखे वागू लागतात. अशा मातीत चुनखडीची बारीक भुकटी लागवडीच्या दोन-तीन महिने आधी मिसळा. किती, ते माती परीक्षणच सांगेल. एकाच सामूच्या चिकण मातीला रेताडपेक्षा बरीच जास्त लागते. कळीचा चुना वापरू नका, तो मुळं जाळतो. लाकडाची राखही सामू वाढवते आणि पालाश देते, पण ती आम्ल मातीतच आणि पातळ थरातच घाला.

सामू साडेसातच्या वर असेल तर लोह, जस्त, मँगेनीज अडकून पडतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही त्याची खूण. इथे गंधकाची भुकटी चालते, पण गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात आणि त्यांना ऊब, ओल आणि काही महिने लागतात. आधी कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फेस आला तर माती चुनखडीची आहे. अशा मातीत गंधकातून झालेलं आम्ल चुनखडी लगेच संपवते, सामू फारसा हलत नाही. तिथे सामूशी झगडण्यापेक्षा दर वर्षी सेंद्रिय खत घाला आणि पानं पिवळी दिसली तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून न पडणाऱ्या रूपातलं लोह, द्या. जिप्समने सामू बदलत नाही. त्याचा खरा उपयोग सोडियम साठलेल्या जमिनीत होतो, साधी चिकण माती त्याने भुसभुशीत होत नाही.

नत्र, स्फुरद, पालाश आणि अंड्याची टरफलं

नवखे लावणारे नत्रात हमखास जास्त जातात. रोप दणकट, पानं गडद हिरवी आणि फुलं मात्र उशिरा, असं झालं की समजा नत्र जास्त झालं. लागवडीच्या वेळी माती परीक्षणाच्या शिफारशीतलं निम्मं नत्र द्या, उरलेलं पहिली फळं गोटीएवढी झाल्यावर. स्फुरद मातीत जागचा हलत नाही, म्हणून तो कमी असेल तर लागवडीआधीच मुळांच्या थरात मिसळायला हवा. पालाश फळांना भरपूर लागतो. तो कमी पडला की जुन्या पानांच्या कडा करपतात आणि फळं ठिगळ लावल्यासारखी एकसारखी पिकत नाहीत.

आता फळाच्या बुडाशी पडणाऱ्या काळ्या, चामड्यासारख्या डागाबद्दल. त्या भागात कॅल्शियम कमी पडतं हे खरं, म्हणून लोक खड्ड्यात अंड्याची टरफलं टाकतात. पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम पुरेसं असतं, ते फळापर्यंत पोहोचत नसतं. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं. पानं भरपूर पाणी ओढतात, फळ अगदी थोडं, आणि फळाचं बूड तर सगळ्यात शेवटी. माती एकदा कोरडीठाक आणि एकदा चिखल अशी होत राहिली की आधी तिथेच तुटवडा पडतो. टरफलं मातीत इतकी सावकाश विरघळतात की या हंगामात त्यांचा उपयोग नाही. ती कंपोस्टमध्ये टाका. मॅग्नेशियम सल्फेट तर माती परीक्षणात मॅग्नेशियम कमी निघाल्याशिवाय घालूच नका. जास्त झालेलं मॅग्नेशियम मुळांशी कॅल्शियमची वाट अडवतं आणि डाग वाढतात. या डागावरचे खरे उपाय सारखी ओल, आच्छादन आणि बेताचं नत्र हेच आहेत.

लागवडीचा दिवस

खत मिसळल्यावर वाफा दोन-तीन आठवडे तसाच ठेवा. हलकं पाणी द्या, तण उगवू द्या आणि वरवर खुरपून काढा. निचरा मंद असेल तर भोवतालची वरची माती ओढून वाफा १५ ते २० सेंटीमीटर उंच करा. सकाळी १० सेंटीमीटर खोलीवर मातीचं तापमान निदान १५ अंश सेल्सिअस असावं. त्याहून थंड मातीत मुळांना स्फुरद उचलता येत नाही, पानं खालून जांभळी होतात आणि रोप रुसून बसतं.

दोन रोपांत ४५ ते ६० सेंटीमीटर अंतर ठेवा. खड्डा रोपाच्या मुळांपेक्षा थोडाच मोठा करा आणि त्याच्या भिंती हाताने किंवा खुरप्याच्या टोकाने खरवडा, चकाकी राहू देऊ नका. टोमॅटोच्या खोडाला मातीचा स्पर्श झाला की तिथून मुळं फुटतात, म्हणून खालची पानं काढून खोडाचा बराचसा भाग मातीत जाऊ द्या. फार उंच, लुकडं झालेलं रोप उथळ चरात आडवं ठेवून फक्त शेंडा वर वळवा. कलमी रोप असेल तर मात्र सांधा मातीच्या वरच राहायला हवा, नाहीतर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाची रोगप्रतिकारशक्ती वाया जाते.

माती हाताने बेताने दाबा, पायाने नाही. पहिलं पाणी सावकाश आणि भरपूर द्या. दोन-तीन आठवड्यांनी रोप धरलं आणि माती उबदार झाली की ५ ते ७ सेंटीमीटर वाळलेलं गवत किंवा पानं पसरा, खोडाजवळ चार बोटं जागा सोडून. ओल टिकते, आणि पाण्याच्या थेंबांबरोबर मातीतून पानांवर उडणारा करपाही बराच कमी होतो. पुढे पाणी देताना वर ओलं दिसतं का यावर जाऊ नका. बोट घालून बघा, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर २० ते २५ सेंटीमीटर खोल मुरेल इतकं पाणी द्या.

कुंडीत लावणाऱ्यांसाठी थोडक्यात: कुंडी २० लिटरपेक्षा लहान नको. वाफ्यातली माती कुंडीत बसून घट्ट होते, ती वापरू नका. निम्मं कोकोपीट, तिसरा हिस्सा कंपोस्ट आणि उरलेलं पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके खडे), असं मिश्रण चालतं. तळाशी खडे घालू नका. त्यांनी निचरा वाढत नाही, उलट पाण्याने चिंब राहणारा थर वर, मुळांपर्यंत सरकतो. कुंडीत अन्न लवकर संपतं, त्यामुळे लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांनी पातळ द्रवखत सुरू करा.

हंगाम संपल्यावर

शेवटची फळं काढून झाली की एक-दोन रोपं मुळांसकट हळूच उपटा आणि मुळं पाण्यात धुऊन बघा. मुळं सगळ्या बाजूंना पसरलेली आणि दाट असतील तर माती जमली. एखाद्या खोलीवर ती सगळी आडवी वळली असतील तर तिथे कठीण थर आहे, पुढच्या वर्षी तेवढा फोडा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील आणि चोळून निघत नसतील, तर सूत्रकृमी आहेत. अशी मुळं कंपोस्टमध्ये टाकू नका. वाफा सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत ओला करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवा, कडा मातीत गाडा आणि ४ ते ६ आठवडे तसंच ठेवा. किंवा पूर्ण हंगामभर तिथे झेंडू दाट लावा.

रोप हिरवं असतानाच मेलं असेल तर खोडाचा बुडाकडचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगता धरा. काही मिनिटांत दुधासारखे धागे उतरायला लागले तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे आणि त्या वाफ्यात पुढची काही वर्षं या कुळातलं काहीही नको.

यापैकी काहीच दिसलं नाही तर उरलेली रोपं उपटू नका. खोड जमिनीलगत कापा, मुळं आतच कुजू द्या, वर दोन-तीन सेंटीमीटर कंपोस्ट पसरा आणि वाफा गवताने झाकून ठेवा.